तीन रंग, तिन्ही पैशांचे : माहजोंगच्या टेबलामागचा इतिहास

माहजोंग हा चिनी खेळ. चौघे जण चौकोनी टेबलाभोवती बसतात, १४४ टाइल, म्हणजे चित्रं कोरलेल्या छोट्या वड्या, पालथ्या घालतात आणि दोन्ही हातांनी पिसतात. हाँगकाँगमध्ये या खेळाचं नावच चिमणी. पिसतानाचा खळखळाट चिवचिवाटासारखा वाटतो म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. चिनी नववर्षाच्या रात्री किंवा लग्नाच्या मेजवानीआधी पाहुणे जमत असताना हा आवाज ऐकू आला नाही, तर कार्यक्रमात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

या टाइल नीट पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. पत्त्यांसारखेच इथे रंग आहेत, तीन. पहिल्या रंगावर गोल वर्तुळं असतात, ती म्हणजे नाणी. दुसऱ्याला बांबू म्हणतात, पण त्या मुळात नाण्यांच्या माळा आहेत. जुन्या चिनी नाण्याला मधोमध चौकोनी भोक असे आणि त्यातून दोरी ओवून नाणी बाळगत. तिसऱ्या रंगावर ‘दहा हजार’ या अर्थाचं अक्षर, म्हणजे पुन्हा पैशांचीच मोजणी. हे रंग चीनच्या मिंग राजघराण्याच्या काळातल्या कागदी पत्त्यांवरून आले. म्हणजे पैसा या खेळात बाहेरून शिरलेला नाही, तो टाइलवरच कोरलेला आहे. खेळाचा शोध प्राचीन चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसने लावला ही कथा १९२० च्या दशकात पाश्चात्त्य बाजारात खूप खपली, पण ती खरी नाही. माहजोंग घडला तो एकोणिसाव्या शतकात, चीनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या निंग्बो आणि शांघायच्या परिसरात.

मला सर्वांत बोलका वाटतो तो चिनी भाषेतला एक वाक्प्रचार : ‘सान च्युए यी’. तिघे आहेत, एक कमी; म्हणजे खेळायला ये, असा निरोप. आपल्याकडे भिडू कमी पडला की शेजारच्याला हाक मारतात तसंच, पण इथे चौथ्याशिवाय डाव मांडताच येत नाही. त्यामुळे नाही म्हणणं म्हणजे तिघांचा विरस करणं. ज्याला पैसे लावून खेळणं सोडायचं आहे त्याची खरी परीक्षा या निरोपापाशी होते, कारण बोलावणारा कुणी जुगाराचा अड्डेवाला नसतो. बोलावणारी मामी असते, जुना सहकारी असतो.

हिशोबाची पद्धतही समजून घ्यायला हवी. हाँगकाँगच्या पारंपरिक नियमांत डावाची किंमत ‘फान’ या गुणांमध्ये मोजतात आणि प्रत्येक फानला रक्कम दुप्पट होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सुरुवातीची रक्कम क्षुल्लक ठेवली तरी एखादा मोठा डाव संध्याकाळभराची कमाई नेतो. मग हरलेला म्हणतो, अजून एक फेरी.

राज्यकर्त्यांनी यावर वेगवेगळे उपाय केले. १९४९ नंतर चीनमध्ये जुगारावर बंदी आली आणि माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत माहजोंगकडे जुन्या समाजाची घाण म्हणून पाहिलं गेलं. १९८० च्या दशकात खेळ पुन्हा उघडपणे दिसू लागला, आणि १९९८ मध्ये तर सरकारी क्रीडा यंत्रणेने स्पर्धेसाठी अधिकृत नियम ठरवून दिले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की करमणुकीसाठी थोड्या पैशांवर खेळणं आणि नफ्यासाठी जुगार भरवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही २०१९ मध्ये ज्यांग्शी प्रांतातल्या युशान इथे पोलिसांनी माहजोंगच्या सगळ्या खोल्या बंद करण्याची नोटीस काढली. लोक भडकले आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. हाँगकाँगच्या ब्रिटिश वसाहती सरकारने १९५० च्या दशकात परवाने दिले, पण पाटीवर जुगारघर लिहिणं अडचणीचं, म्हणून तिथे आले ‘माहजोंग शाळा’ हे शब्द. ते अजूनही दिसतात. सिंगापूरच्या २०२२ च्या कायद्याने घरात, नातेवाईक आणि मित्रांमध्ये खेळायला मोकळीक दिली.

सीमा कुठे आखली पाहा. खेळ तोच, टाइल त्याच. प्रश्न विचारला जातो तो टेबलाभोवती कोण बसलंय आणि टेबल मांडणारा त्यातून काय कमावतो, याचा. मला ही रेघ बरीचशी शहाणपणाची वाटते. पण तिची एक बाजू दुखरी आहे : घरातल्या टेबलावर बुडालेला माणूस कायद्याच्या नजरेला पडत नाही, आणि घरचे अब्रूपायी बोलत नाहीत. उधारी वाढते ती ओळखीतच, त्यामुळे ती मागणाराही अवघडतो आणि देणाराही. जपानमध्ये ज्येष्ठांसाठी चालणाऱ्या ‘आरोग्य माहजोंग’ मंडळांनी यावर साधा नियम केला आहे : पैसे लावायचे नाहीत, दारू प्यायची नाही, सिगारेट ओढायची नाही. उरतो तो खेळ, आणि तो चांगला रंगतो.

गेल्या दशकात चीनमध्ये टेबल मोबाइलवर आलं. अ‍ॅपमध्ये फक्त गुण मोजले जात. खेळाडू वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवरच्या एखाद्या गटात जमत आणि डाव संपला की हिशोब तिथेच चुकता करत. त्यासाठी वापरत ते डिजिटल लाल पाकीट, म्हणजे नववर्षाला थोरांनी मुलांच्या हातात ठेवायच्या पाकिटाचंच मोबाइलवरचं रूप. असे गट चालवून पैसे कमावणाऱ्यांना न्यायालयांनी जुगारघर चालवल्याबद्दल दोषी ठरवलं. भिडू मात्र रात्री कितीही वाजता मिळत होता.