साबरमतीचा काठ कसा बदलला

पुण्यात मुळा-मुठेच्या काठावर काम सुरू झाल्यापासून साबरमतीचं नाव सारखं कानावर पडतं. ते साहजिकच आहे. पुण्याच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधार योजनेचा आराखडा अहमदाबादच्या ज्या एचसीपी या वास्तुरचना संस्थेने केला, तिनेच साबरमतीचा काठही घडवला. म्हणून तिथे काय झालं ते नीट समजून घ्यायला हवं.

साबरमती पावसाळी नदी. पूर ओसरला की पात्रात उरायची वाळू आणि एखादी बारीक धार. त्या वाळूत भाजीपाल्याचे मळे लागायचे, सर्कशीचे तंबू पडायचे, धोबी कपडे वाळत घालायचे. एलिस पुलाजवळ दर रविवारी जुन्यापान्या वस्तूंचा गुजरी बाजार भरायचा. दांडीयात्रेच्या आदल्या संध्याकाळी गांधीजींची सभा झाली ती याच वाळवंटात. काठावर रायखडला गायकवाडांची हवेली आहे, तिथल्या मराठी सत्तेची खूण. पण याच नदीत शहराची गटारंही सुटत होती आणि काठावर झोपड्या दाटत गेल्या होत्या. नदी वापरात होती, फक्त तिची काळजी कुणी घेत नव्हतं.

काठ सुधारण्याची कल्पना १९६० च्या दशकातली, बर्नार्ड कोन या फ्रेंच वास्तुकाराची. ती बरीच वर्षं कागदावरच राहिली. दरम्यान १९७६ मध्ये नदीचं पाणी अडवणारा वासणा बंधारा झाला. १९९७ मध्ये महापालिकेने या काठाच्या कामासाठी, म्हणजे रिव्हरफ्रंटसाठी, स्वतंत्र कंपनी काढली, एचसीपीच्या बिमल पटेल यांच्या चमूने आराखडा केला आणि २००५ मध्ये प्रत्यक्ष काम सुरू झालं.

कामाचं गणित असं होतं: कमीजास्त रुंदीचं पात्र २६३ मीटरवर आणायचं, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती घालायच्या आणि मागे भराव टाकून जमीन मिळवायची. अशी सुमारे २०० हेक्टर जमीन हाती आली. तिचा लहानसा भाग विकून खर्च भागवायचा, बाकीच्या जागेत रस्ते, बागा, मैदानं. गटारांचं पाणी अडवणाऱ्या वाहिन्या दोन्ही काठांनी टाकल्या. पाण्यालगत खालचा पदपथ आणि वर शहराच्या पातळीचा दुसरा, हा त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग. २०१२ मध्ये काठाचा मोठा भाग लोकांसाठी खुला झाला. दाटीवाटीच्या जुन्या शहरातल्या माणसाला संध्याकाळी तिकिटाशिवाय पाण्याकाठी बसता येऊ लागलं, हे मोठंच काम झालं.

पण ते पाणी नर्मदेचं आहे. कालव्यातून ते पात्रात सोडायचं आणि वासण्याला अडवायचं, म्हणून शहरापुरती नदी बारमाही भरलेली दिसते. बंधाऱ्याच्या खाली सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी मिसळतंच. २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

दुसरी किंमत माणसांनी मोजली. काठावरची दहा हजारांहून जास्त कुटुंबं हलवली गेली. रहिवाशांनी साबरमती नागरिक अधिकार मंचातर्फे २००५ मध्ये उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा कुठे पुनर्वसनाला आकार आला. तरी वटवा-ओढवसारख्या लांबच्या वसाहतींत घर मिळालेल्यांचा रोजगार तुटला, आणि पुरेसे कागद नसलेल्यांची वणवण झाली. गुजरी बाजाराला काठावर बांधीव जागा मिळाली, तीही विक्रेत्यांनी भांडल्यामुळेच.

पुण्याच्या योजनेचं भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झालं. इथली परिस्थिती मात्र वेगळी आहे. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं आहेत. जुलै २०२४ मध्ये विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्यामुळे पुण्यात पहिला प्रश्न पुराच्या पाण्याला पात्रात किती जागा ठेवणार हा आहे आणि दुसरा सांडपाणी नदीत येणं कधी थांबणार हा. बागांचा क्रम त्यानंतरचा.