सही केली म्हणजे अडकलो, असं नाही

मिरजेत ओपीडीबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं एकच सल्ला कानावर येतो: "त्या अभ्यासाच्या कागदावर सही करू नकोस. तुझ्यावर प्रयोग करतील, मग सुटका नाही." हे खरं नाही.

शस्त्रक्रियेच्या अभ्यासात, म्हणजे पेशंटच्या संमतीने होणाऱ्या संशोधनात, बऱ्याचदा रुळलेल्या दोन पद्धतींचीच तुलना असते. हर्नियाचंच घ्या: जाळी चिरा देऊन बसवायची की दुर्बिणीतून? कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, कारण डॉक्टरांनी निवडलं तर धडधाकट पेशंट नकळत एकाच बाजूला जमतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यावी लागते आणि कधीही बाहेर पडता येतं. नेहमीचे उपचार त्यामुळे थांबत नाहीत. झालेलं ऑपरेशन अर्थात मागे घेता येत नाही, पण पुढच्या तपासण्या नाकारता येतात. कागद घरी न्या, लेकाला-सुनेला वाचायला द्या, मगच सही करा.

मला खरी काळजी वाटते ती नंतरची. आमच्या अभ्यासातल्या जतच्या एक आजी सहा महिन्यांच्या तपासणीला आल्या नाहीत. फोन केला तर नातू म्हणाला, "आजी ठणठणीत आहे, कशाला यायचं?" पण बरे झालेले घरी राहिले आणि दुखणारेच आले, तर चांगली पद्धतही वाईट ठरते! एसटीचं भाडं, बुडालेला रोज मागायला संकोचू नका. अभ्यासाच्या खर्चात ते धरता येतं. आणि येणं जमलंच नाही, तर "दुखतं का, फुगवटा परत दिसतो का" एवढं फोनवर सांगितलंत तरी आमच्या वहीतली ती ओळ रिकामी राहत नाही.