विगन वॉरियर्स

विगन वॉरियर्स : रग्बी लीग खेळणारा इंग्लंडमधील व्यावसायिक क्लब. मँचेस्टर व लिव्हरपूल यांच्या मधोमध असलेले विगन हे एकेकाळचे कोळसा खाणींचे आणि कापड गिरण्यांचे गाव. क्लब १८७२ मध्ये स्थापन झाला. खेळाडूंचा पोशाख लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा. ‘वॉरियर्स’ हे बिरुद मात्र १९९७ पासूनचे.

हा क्लब समजून घ्यायचा तर खाड्यापासून सुरुवात करावी लागते. शनिवारच्या सामन्यासाठी खाणीतली किंवा गिरणीतली पाळी बुडवली की खेळाडूची मजुरी कापली जाई. ती क्लबाने भरून द्यावी, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. तेव्हा सगळ्या रग्बीचा कारभार पाहणाऱ्या रग्बी युनियनच्या धुरिणांना ती मान्य नव्हती. त्यांना पोटापाण्याची चिंता नव्हती. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. विगन त्यांच्यात होते. पुढे खेळच बदलला: १९०६ पासून पंधराऐवजी तेरा खेळाडू आले, नंतर टॅकलवर, म्हणजे चेंडूवाल्या खेळाडूच्या पकडीवर, मर्यादा आली. आता सहा वेळा पकड झाली की चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर दिसते ती रग्बी युनियन. रग्बी लीग हा खेळ निराळा.

सुरुवातीच्या मोठ्या खेळाडूंपैकी जिम सलिव्हन १९२१ मध्ये कार्डिफहून आले आणि त्यांनी क्लबासाठी ४,८८३ गुण मिळवले. कार्डिफच्याच गोदी भागातले बिली बॉस्टन १९५३ मध्ये ३,००० पौंडांवर करारबद्ध झाले. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, खेळून त्यांनी विगनसाठी ४७८ ट्राय केले (ट्राय म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवणे). १९५७ मध्ये ब्रिटिश संघ ऑस्ट्रेलियातील विश्वचषक आटोपून प्रदर्शनी सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेत उतरला, तेव्हा वर्णभेदी कायद्यांमुळे बॉस्टन त्यात नव्हते. ते एकटेच मायदेशी परतले.

१९०२ ते १९९९ क्लबाचे घर म्हणजे सेंट्रल पार्क. शेजारच्या सेंट हेलन्सशी असलेले हाडवैर इतके जुने की १९५९ मध्ये त्या सामन्याला ४७,७४७ प्रेक्षक जमले. मैदानाचा तो उच्चांक कधीच मोडला नाही. आज तिथे सुपरमार्केट आहे.

खरे सुवर्णयुग १९८८ ते १९९५ चे. या काळात चॅलेंज चषक ही बाद पद्धतीची स्पर्धा विगनने सलग आठ वेळा जिंकली. ३० एप्रिल १९९४ रोजी वेम्बलीवर लीड्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात मार्टिन ओफाया यांनी स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू घेतला, मधल्या गर्दीतून निसटले आणि शेवटचे बचावपटू ॲलन टेट यांना बाहेरून वळसा घालून थेट दुसऱ्या टोकाला पोचले. ट्राय नोंदवल्यावर ते गुडघे टेकून, चेहरा हातांत लपवून बसले. १९९६ मध्ये युनियनच्या बाथ संघाशी दोन सामने झाले: लीगच्या नियमांनी विगन ८२-६ ने जिंकले, युनियनच्या नियमांनी बाथ ४४-१९ ने. दोन्ही बाजूंना आपलाच खेळ अवघड वाटत राहिला!

पुढे पडझडही झाली. २००६ मध्ये संघ तळाशी रुतला. स्टुअर्ट फील्डन या खेळाडूसाठी साडेचार लाख पौंड मोजून तो कसाबसा वर आला, पण खेळाडूंच्या एकूण वेतनावरची मर्यादा ओलांडल्याबद्दल पुढच्या हंगामात गुण कापले गेले. ज्या खेळाचा जन्मच मजुरीच्या प्रश्नातून झाला, त्यात हे घडावे!

मॅट पीट यांच्या मार्गदर्शनाखाली २०२४ मध्ये विगनने चारही किताब मिळवले. जागतिक क्लब लढतीत ऑस्ट्रेलियाच्या पेनरिथला १६-१२ ने नमवले, चॅलेंज चषक व साखळीतील अव्वल स्थान पटकावले, आणि सुपर लीग या सर्वोच्च साखळीच्या अंतिम सामन्यात हल केआर (हल किंग्स्टन रोव्हर्स) क्लबाला ९-२ ने हरवले. त्या सामन्यातला एकमेव ट्राय बेव्हन फ्रेंच यांचा. २०२५ चा हंगाम लास वेगासमध्ये वॉरिंग्टनवर ४८-२४ अशा विजयाने रंगला, पण ऑक्टोबरमधील अंतिम लढतीत त्याच हल केआरने २४-६ अशी परतफेड केली. त्याच वर्षी जूनमध्ये नव्वदीच्या बॉस्टन यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. रग्बी लीगच्या खेळाडूला असा मान पहिल्यांदाच मिळाला, जॉर्ज हॉटेलातील बैठकीनंतर तब्बल १३० वर्षांनी.