टाइप चेकरचे रिफॅक्टरिंग आणि त्याच्या गतीचे मोजमाप

प्रोग्रामची वाक्यरचना तपासून झाली आणि प्रत्येक नावाची घोषणा सापडली, की कंपायलर (प्रोग्रामचे यंत्राला चालवता येईल अशा रूपात भाषांतर करणारे साधन) टाइप, म्हणजे मूल्यांचे प्रकार, तपासण्याच्या टप्प्यावर येतो. पूर्णांकाच्या जागी मजकूर आला नाही ना, फंक्शनला हव्या त्याच प्रकारची मूल्ये दिली आहेत ना, जिथे टाइप लिहिलेला नाही तिथे तो कोणता असावा, हे सगळे इथे ठरते. हा टप्पा सांभाळणारा कंपायलरचा भाग म्हणजे टाइप चेकर. त्याची आतली मांडणी बदलायची, पण बाहेरून दिसणारे वर्तन जसेच्या तसे ठेवायचे, या कामाला टाइप चेकरचे रिफॅक्टरिंग म्हणतात. बदलामुळे कंपायलर किती वेगवान किंवा संथ झाला याचे मोजमाप हा या कामाचाच भाग आहे. बऱ्याचदा तोच अधिक अवघड भाग ठरतो.

भाषेत नवी सोय आली की तिचा भार बहुधा टाइप चेकरवर पडतो, म्हणून कंपायलरचा हा भाग सर्वांत लवकर फुगतो. टाइपस्क्रिप्टचा (टाइपची जोड दिलेल्या जावास्क्रिप्टचा) जावास्क्रिप्टमध्ये चालणारा चेकर एकाच फाइलमध्ये आहे आणि तिच्या ओळी पन्नास हजारांच्या वर गेल्या आहेत. अशी फाइल पाहून हात शिवशिवणे साहजिक आहे. मात्र नुसती फाइल तोडून चार फायली केल्याने फारसे साधत नाही, कारण खरी गुंतागुंत ओळींच्या संख्येत नसते. ती सामायिक कोष्टकांमध्ये, अर्धवट सुटलेल्या टाइप-चलांमध्ये (अजून न ठरलेल्या टाइपच्या जागी धरलेल्या अज्ञातांमध्ये) आणि कोणती गोष्ट आधी तपासली जाते या क्रमात असते.

वर्तन म्हणजे नेमके काय

चेकरने तेच प्रोग्राम स्वीकारले आणि तेच नाकारले, एवढी हमी पुरेशी नाही. त्रुटीचा संदेश, तिची जागा आणि अनेक त्रुटींचा क्रमही वापरणाऱ्याला दिसतो. अनुमानाने काढलेला टाइप एडिटरमध्ये दाखवला जातो, काही भाषांत तो घोषणा-फाइलमध्ये लिहिला जातो आणि मग दुसऱ्याच प्रकल्पाचा कोड त्यावर अवलंबून राहतो. त्यामुळे जुन्या कंपायलर प्रकल्पांमध्ये चाचण्यांचे निकाल मजकूर-फायलींच्या रूपात जपून ठेवलेले असतात. टाइपस्क्रिप्टच्या चाचण्या प्रत्येक पदाचा टाइप आणि प्रत्येक त्रुटी अशा फायलींत उतरवतात. बदल केल्यावर जुनी आणि नवी फाइल ताडून पाहिली जाते. रस्ट या भाषेत याहून मोठी चाळणी आहे : क्रेटर नावाचे साधन सार्वजनिक भांडारातील पॅकेजे जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधून पाहते आणि कोणते मोडले ते सांगते.

आणखी एक सोपी कसोटी आहे आणि ती हवी तितकी वापरली जात नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. निव्वळ टाइप चेकर बदलला असेल, तर बाहेर पडणारा मशीन कोड बाइटन् बाइट तोच असायला हवा. कंपायलर स्वतःच्याच भाषेत लिहिलेला असेल तर त्याचाच कोड चाचणी म्हणून हाताशी असतो. फरक निघाला तर काहीतरी निसटले आहे हे नक्की. पण फरक न निघाल्याने त्रुटी-संदेशांबद्दल काहीच सिद्ध होत नाही, कारण या चाचणीत चूक असलेला प्रोग्राम येतच नाही.

मांडणीतील बदल

या कामाचे एक जुने आणि अजूनही शिकण्यासारखे उदाहरण सिद्धांताच्या अंगाने आले. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७८ च्या निबंधात टाइप अनुमानाच्या दोन पद्धती मांडल्या. 'डब्ल्यू' ही पद्धत सिद्धतेसाठी सोयीची होती : प्रत्येक पायरीवर टाइप-चलांच्या जागी काय बसवायचे याची एक यादी तयार होते आणि अशा याद्या एकमेकींत मिसळत जातात. 'जे' या पद्धतीत एकच सामायिक यादी ठेवून ती जागच्या जागी बदलली जाते. दुसरी पद्धत पहिलीचेच अनुकरण करते हे मिल्नर यांनी दाखवले. वर्तन तेच, खर्च कमी आणि तसे असल्याचा पुरावाही. रिफॅक्टरिंगकडून याहून अधिक काय मागायचे? आजच्या चेकरमध्ये टाइप-चल ही बदलता येणारी पेटी असते आणि दोन चले एकरूप ठरली की एक दुसरीकडे बोट दाखवते. मोबदल्यात मागे फिरणे कठीण होते. एखादा पर्याय करून पाहिला आणि तो फसला, तर केलेले बदल पुसण्यासाठी वेगळी नोंदवही ठेवावी लागते.

दुसरे उदाहरण सामान्यीकरणाचे. स्थानिक व्याख्येचा टाइप कोणत्याही प्रकारासाठी खुला करायचा असेल, तर त्यातील कोणती चले बाहेरच्या परिसरात (त्या जागी उपलब्ध असलेल्या नावांच्या टाइपमध्ये) वापरात आहेत हे पाहावे लागते. सरळ पद्धतीत प्रत्येक व्याख्येला सगळा परिसर चाळला जातो. संशोधक दिदिए रेमी यांनी त्याऐवजी प्रत्येक चलाला, ते किती खोलवरच्या व्याख्येतले आहे हे सांगणारी, एक पातळी चिकटवण्याची युक्ती सुचवली. मग एका अंकाची तुलना पुरते. ओकॅमल भाषेचा चेकर याच वाटेने जातो.

टाइपची एकच प्रत ठेवण्याचा बदलही नेहमीचा आहे. रचनेने समान असलेले दोन टाइप मेमरीत एकाच जागी असतील, तर ते समान आहेत का हे दोन पत्त्यांच्या तुलनेने कळते. टाइपच्या रचनेचे संपूर्ण झाड उतरत जावे लागत नाही. रस्टचा कंपायलर असेच करतो. किंमत मोजावी लागते ती नवा टाइप बनवताना, कारण प्रत्येक वेळी हॅश (रचनेवरून काढलेला ओळख-आकडा) काढून कोष्टकात शोध घ्यावा लागतो. टाइप थोडे आणि तुलना पुष्कळ असतील तर हा सौदा फायद्याचा, उलट असेल तर तोट्याचा. आपल्या भाषेचे प्रोग्राम कोणत्या प्रकारचे आहेत हे मोजल्याशिवाय यात हात घालू नये.

हॅस्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरने बंधने गोळा करणे आणि ती सोडवणे ही दोन कामे वेगळी केली. त्यामागची पद्धत २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोग्रामच्या वाक्यरचनेच्या झाडावरून फिरणारा कोड आता केवळ 'हा टाइप त्याच्याशी जुळला पाहिजे' अशा नोंदी करतो आणि सोडवणारा भाग त्या हव्या त्या क्रमाने हाताळतो. नवी सोय जोडणे यामुळे सुसह्य झाले. मात्र आधी जे काम जागच्या जागी उरकत होते त्यासाठी आता मेमरीत वस्तू तयार होतात, म्हणून साध्यासुध्या बंधनांना नोंदीशिवाय तिथल्या तिथे सोडवण्याची पळवाट ठेवली जाते. ही पळवाट काढून टाकण्याचा मोह प्रत्येक नीटनेटक्या माणसाला होतो. मोजल्याशिवाय ती काढू नये.

कोणतेही रिफॅक्टरिंग मूळ प्रश्नाची काठिण्यपातळी बदलू शकत नाही. एमएल भाषेतील टाइप अनुमान सर्वांत वाईट परिस्थितीत घातांकी वेळ घेते, हे १९९० मध्ये सिद्ध झाले. काही ओळींचा, एकात एक गुंतलेल्या व्याख्यांचा प्रोग्रामही प्रचंड आकाराचा टाइप निर्माण करू शकतो. माणसे सहसा असे लिहीत नाहीत, म्हणून रोजचा अनुभव जवळजवळ रेषीय असतो. स्विफ्ट भाषेत मात्र एकाच पदावलीत अनेक अर्थांची चिन्हे आणि आकडे मिसळले, की 'ही पदावली वाजवी वेळेत तपासता येत नाही' असा संदेश खरोखरच्या कोडवरही मिळतो. चेकर बदलताना अशा विकृत उदाहरणांचा संच वेगळा ठेवावा लागतो, कारण सरासरी सुधारली तरी एखादे उदाहरण सेकंदावरून मिनिटावर जाऊ शकते.

मोजमाप

पहिला प्रश्न टाइप तपासणीचा वाटा किती, हा. ती एकूण वेळेच्या पंचमांश असेल, तर तिचा वेळ निम्मा करूनही एकूण फायदा दहा टक्केच. रस्टमध्ये पूर्ण ऑप्टिमायझेशनसह (तयार होणारा कोड वेगवान करणाऱ्या सुधारणांसह) बांधणी करताना मशीन कोड तयार करण्याचा टप्पा बराच वेळ खातो; केवळ तपासणीची आज्ञा दिली तर चित्र वेगळे दिसते. टाइपस्क्रिप्टमध्ये मशीन कोड नसल्याने तपासणीचाच वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो. त्यामुळे 'कंपायलर इतका वेगवान झाला' या विधानाला, कोणत्या आज्ञेने आणि कोणत्या प्रोग्रामवर, हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

टप्प्यागणिक वेळ छापण्याची सोय बहुतेक कंपायलरमध्ये असते. टाइपस्क्रिप्ट पार्सिंग (वाक्यरचना वाचणे), बाइंडिंग (नावांची घोषणांशी जोडणी), तपासणी आणि फाइल-लेखन यांचे आकडे वेगवेगळे देतो. हे आकडे उपयोगी आहेत, पण भाबडेपणाने वाचू नयेत. आजचे चेकर आळशी असतात : एखाद्या घोषणेचा टाइप कोणी विचारेपर्यंत काढला जात नाही आणि एकदा काढला की साठवून ठेवला जातो. जो पहिल्यांदा विचारतो त्याच्या खात्यावर खर्च पडतो. रिफॅक्टरिंगने विचारण्याचा क्रम बदलला, तर तपासणीचा आकडा घटतो आणि फाइल-लेखनाचा वाढतो, आणि एकूण काम तेवढेच राहते. कचरा गोळा करणाऱ्या, म्हणजे नको झालेल्या वस्तूंची मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या, भाषेत हा घोटाळा आणखी वाढतो, कारण तपासणीत तयार झालेल्या वस्तूंची सफाई पुढच्या टप्प्याच्या वेळेत होऊ शकते. टप्प्याचा आकडा आणि एकूण आकडा शेजारी शेजारी ठेवावेत, ते यासाठी.

घड्याळाचा वेळ हाच शेवटी वापरणाऱ्याला जाणवतो, पण तो फार हलतो. प्रोसेसर तापला की आपला वेग कमी करतो, पार्श्वभूमीला दुसरे काहीतरी चालू असते, डिस्कवरच्या फायली पहिल्या वेळी मेमरीत नसतात. जुना आणि नवा कंपायलर आळीपाळीने चालवणे हा यावरचा किमान उपाय आहे. आधी जुना वीस वेळा आणि मग नवा वीस वेळा चालवला, तर तापमानातला फरकही मोजमापात येतो. त्याहून फसवा दोष २००९ मध्ये संशोधक मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिला. युनिक्समधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रामला बाहेरून दिल्या जाणाऱ्या मूल्यांचा) आकार किंवा फायली लिंक करण्याचा, म्हणजे एकत्र जोडण्याचा, क्रम बदलला तरी प्रोग्रामची गती बदलते, आणि हा बदल एखाद्या ऑप्टिमायझेशनच्या परिणामाइतका असू शकतो. म्हणजे दोन टक्क्यांची सुधारणा ही आपल्या कोडची करामत की फंक्शने मेमरीत वेगळ्या जागी पडल्याचा योगायोग, हे एका बांधणीवरून ठरत नाही. मांडणी पुन्हा पुन्हा यादृच्छिक करून मोजण्याचा स्टॅबिलायझर हा प्रयोग २०१३ मध्ये याच अडचणीतून आला.

रस्टच्या प्रकल्पाने यावर व्यवहारी तोडगा काढला : मुख्य आकडा म्हणून प्रोसेसरने पार पाडलेल्या सूचनांची संख्या घ्यायची. ती एका खेपेहून दुसऱ्या खेपेला फार कमी बदलते, म्हणून अर्ध्या टक्क्याची घसरणही पकडता येते. घड्याळाचा वेळ आणि मेमरीचा उच्चांक सोबत नोंदवला जातो. जीएचसीच्या चाचण्या कंपायलरने एकूण किती बाइट मेमरी मागितली हे मोजतात. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर चाचणी नापास होते आणि वाढ हेतुपुरस्सर असेल तर ती बदलाच्या नोंदीत लिहून द्यावी लागते. ही शिस्त रुक्ष वाटते, पण एकेका टक्क्याने होणारी घसरण थोपवणारी दुसरी चांगली पद्धत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

सूचनांच्या संख्येलाही मर्यादा आहे. कॅश चुकल्यामुळे (हवी ती माहिती प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत न सापडल्यामुळे) प्रोसेसर ताटकळला तर ते तिला दिसत नाही. झाडाच्या गाठी विखुरलेल्या पत्त्यांऐवजी सलग रांगेत ठेवून क्रमांकाने गाठण्याचा बदल केला, तर सूचना किंचित वाढूनही वेळ घटू शकतो. केवळ सूचना मोजणारा माणूस असा बदल नाकारेल.

शिवाय कोणत्या परिस्थितीत मोजायचे हाही निर्णयच आहे. रस्टच्या मोजमापात एकच प्रोग्राम चार तऱ्हांनी बांधला जातो : कोरी पाटी घेऊन, पुढच्या वेळेसाठी उत्तरांची साठवण लिहीत, काहीच न बदलता पुन्हा, आणि छोटा बदल करून. उत्तरे साठवून ठेवणारी, प्रश्नोत्तरांच्या रूपातली मांडणी स्वीकारली की पहिली बांधणी थोडी जड होते, कारण अवलंबनांची नोंद ठेवावी लागते. चौथी मात्र पुष्कळ हलकी होते. यातले एकच मोजले तर हवा तो निष्कर्ष काढता येतो.

दोन ठळक प्रसंग

गो भाषेत मार्च २०२२ च्या १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स (एकच कोड अनेक टाइपसाठी लिहिण्याची सोय) आले. त्यासाठी कंपायलरमधील जुनी टाइप तपासणी बाजूला ठेवून, भाषेच्या साधनांसाठी आधीपासून असलेल्या टाइप चेकरवरून बेतलेला नवा चेकर बसवण्यात आला. जेनेरिक्ससाठी केलेल्या बदलांमुळे कंपाइल करण्याची गती १.१७ च्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी घटू शकते, हे प्रकाशनाच्या टिपणातच स्पष्ट लिहिले होते. हा सगळा भार नव्या चेकरचा नव्हता, पुढच्या टप्प्यांतही बदल होते. १.२० मध्ये बांधणीची गती १० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा १.१७ च्या पातळीवर आणण्यात आली. घसरण मान्य करून, आकडा जाहीर करून, नंतर ती भरून काढणे, हा क्रम अनुकरणीय आहे.

टाइपस्क्रिप्टचा प्रसंग मोठा. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अँडर्स हाइल्सबर्ग यांनी कंपायलर गो भाषेत नेत असल्याचे जाहीर केले. व्हीएस कोड या एडिटरच्या पंधरा लाख ओळींच्या प्रकल्पाला लागणारा वेळ ७७.८ सेकंदांवरून ७.५ सेकंदांवर आला होता. काटेकोरपणे पाहिले तर हे रिफॅक्टरिंग नव्हे, भाषांतर. पण वर्तन न बदलण्याची अट तीच, आणि म्हणूनच नव्याने लिहिण्याऐवजी फंक्शनमागून फंक्शन उतरवण्याचा मार्ग निवडला गेला. वाढीव वेगाचा सुमारे निम्मा भाग थेट मशीन कोडमुळे आणि उरलेला समांतर कामामुळे आला. पार्सिंग फाइलगणिक वाटता येते, टाइप तपासणी तशी वाटता येत नाही, कारण टाइप सगळ्या फायलींतून आरपार जातात. म्हणून मोजकेच चेकर चालवले जातात. प्रत्येकाला संपूर्ण प्रोग्राम दिसतो, पण तपासायला फायलींचा एक हिस्सा मिळतो. काही काम दोनदा होते, मेमरी जास्त लागते, तरी वेळ वाचतो.

तपासणीच्या क्रमाचा प्रश्न इथेच उघड्यावर आला. जुन्या चेकरमध्ये प्रत्येक टाइपला निर्मितीच्या क्रमाने क्रमांक मिळे आणि युनियन टाइपमधील (अनेक टाइपपैकी कोणताही एक चालेल असे सांगणाऱ्या टाइपमधील) घटकांची मांडणी त्या क्रमांकावरून ठरे. एकाहून अधिक चेकर आले की निर्मितीचा क्रम प्रत्येकात वेगळा, म्हणून तीच युनियन दोन ठिकाणी वेगळ्या क्रमाने छापली जाण्याचा धोका. त्यामुळे नव्या चेकरमध्ये घटकांचा क्रम निर्मितीवर न ठेवता टाइपच्या स्वरूपावरून ठरवण्यात आला. त्याने छापील निकालांत फरक पडतो, आणि जपून ठेवलेल्या चाचणी-फायलींशी तो फरक एकेक करून ताडून पाहावा लागतो.