एकवीसशेवरचा चकवा

माझा भाचा ठाण्यात वर्तकनगरला राहतो आणि नोकरीला बेलापूरला जातो. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायला मिळालं की खिशातून मोबाइल निघतो आणि लीचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ‘तीन अधिक दोन’चा डाव लागतो. दोघांना तीन-तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीमागे दोन सेकंदांची भर. ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडतात आणि बेलापूर येईपर्यंत चार डाव होऊन जातात. गेली दोन वर्षं त्याचं ब्लिट्झचं, म्हणजे अशा झटपट डावांचं, रेटिंग २१०० च्या आसपास आहे. सोसायटीत त्याच्यासमोर पट मांडून बसलेला माणूस पंधराव्या चालीलाच चहाचा विषय काढतो.

पण दोन वर्षं २१०० च. कधी २१६०, कधी २०४०, की पुन्हा तिथेच. गणपतीत घरी आला तेव्हा मोदक खाता खाता म्हणाला, “मामा, रोज दहा डाव खेळतो, पझल सोडवतो, तरी ढिम्म हलत नाही. माझं डोकंच एवढं असेल का रे?”

डोक्याचं माप माझ्याकडे नव्हतं. रेटिंगचं मात्र काढता येतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

हंगेरीत जन्मलेले आर्पाड एलो अमेरिकेत मिल्वॉकीच्या मार्क्वेट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने १९६० मध्ये स्वीकारली आणि फिडेने, म्हणजे जागतिक महासंघाने, १९७० मध्ये. कल्पना साधी आहे. दोघांच्या आकड्यांतल्या फरकावरून निकालाचा अंदाज बांधायचा. फरक शून्य असेल तर शंभर डावांत पन्नास गुण, दोनशेचा असेल तर वरच्याला साधारण ७६, चारशेचा असेल तर ९१. अंदाजापेक्षा जास्त मिळवलं की आकडा वाढतो, कमी मिळवलं की उतरतो. खुद्द एलो यांनाही या मापाच्या मर्यादा ठाऊक होत्या. हलत्या पाण्यावर वरखाली होणारं बूच, ते मोजायला दोरीला बांधलेली काठी आणि ती काठीही वाऱ्याने झुलतेय, असं त्यांनी आपल्याच पद्धतीचं वर्णन केलं होतं. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर उभं राहून कुणी असं मोजू लागला तर बघ्यांची गर्दी जमेल.

हे बूच किती हलतं, ते कागदावर काढता येतं. समजा, तुम्ही अगदी तोडीस तोड माणसांशी शंभर डाव खेळलात आणि बरोबरी एकही झाली नाही. तुमचा खेळ कणभरही बिघडलेला नसताना या शंभरांत कुठेतरी सलग पाच पराभव येण्याची शक्यता ८१ टक्के निघते. नाणं शंभर वेळा उडवून बघा, तेच दिसेल. तोडीच्या खेळाडूशी हरलं की लीचेसवर साधारण पाच-सहा गुण जातात, म्हणजे एका वाईट संध्याकाळी तीसेक गुण नुसत्या योगायोगाने गेले. भाचा अशा संध्याकाळी ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवातच, बदलायचा. सिसिलियन सोडून कारो-कान, मग पुन्हा सिसिलियन. ताप नसताना औषध बदलण्यातला हा प्रकार.

लीचेस ज्या पद्धतीने आकडा काढतं, ती मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञाची. तिच्यात रेटिंगसोबत त्या रेटिंगची खात्री किती, हेही मोजलं जातं. बरेच दिवस खेळला नाहीत तर खात्री कमी होते आणि पुढच्या डावांत आकडा मोठ्या उड्या मारतो. आणखी एक, लीचेसचे २१०० म्हणजे फिडेचे २१०० नव्हेत. रेटिंग सांगतं ते त्या-त्या तळ्यातल्या माशांपुरतं.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, “म्हणजे मी हरतो ते नशिबाने?” तर तसंही नाही. दोन वर्षं आकडा एकाच जागी घुटमळतोय, तो योगायोगाने नव्हे. त्याचं कारण मला वाटतं पटापेक्षा डोळ्यांत आहे.

आद्रियान द ग्रूट हे डच मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगले खेळाडू होते. पटावर एखादी स्थिती मांडून खेळाडूंना ते मोठ्याने विचार करायला लावत. दिग्गज दहा-बारा चाली पुढचं बघत असतील, अशी आपली समजूत असते. १९४६ मधल्या त्यांच्या प्रबंधात निघालं वेगळंच. ग्रँडमास्टर आणि साधा चांगला खेळाडू यांच्या विचारांच्या खोलीत फारसा फरक नव्हता. फरक होता तो पहिल्या काही क्षणांत काय दिसतं यात. ग्रँडमास्टरला कामाच्या चाली आधी दिसत आणि निरुपयोगी चालींकडे त्याचं लक्षच जात नसे. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हाच धागा पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून मांडायला सांगायचं. चोवीसेक मोहऱ्यांपैकी मास्टरने पहिल्या झटक्यात सोळाच्या आसपास बरोबर ठेवली, मधल्या खेळाडूने आठ, नवख्याने चार. मग तीच मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली, तर मास्टरची मिजास उतरली आणि तो जवळपास नवख्याच्या रांगेत आला. त्याची स्मरणशक्ती अफाट नव्हती. त्याला एकेक मोहरं वेगळं दिसतच नव्हतं. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि एफ-६ या घरातला घोडा हे सगळं मिळून त्याच्यासाठी एक शब्द होता. ‘ठाणे’ वाचताना आपण ठ, काना, ण, मात्रा असं कुठे लावत बसतो?

ब्लिट्झ खेळता येतं ते या शब्दसंग्रहावर. तीन मिनिटांत गणित करायला सवड नसते. हात ओळखीच्या ठिकाणी जातो आणि बहुतेक वेळा तिथेच जायला हवं असतं. बहुतेक वेळा.

मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांद गोबे यांनी मुरलेल्या खेळाडूंना एक कोडं घातलं. त्यात पाच चालींची एक प्रसिद्ध मात होती. वजिराचा बळी द्यायचा, समोरचा राजा स्वतःच्याच मोहऱ्यांत कोंडला जातो आणि घोडा काम तमाम करतो. क्लबात खेळणाऱ्या कुणालाही ती पाठ असते. त्याच स्थितीत तीन चालींची, दिसायला साधी अशी दुसरी मातही होती. सांगितलं होतं सर्वांत छोटा मार्ग शोधायला. खेळाडूंना ओळखीची मात लगेच सापडली आणि मग ते म्हणू लागले, आता याहून चांगलं काही आहे का ते बघतोय. पण त्यांची नजर नेमकी कुठे फिरते ते यंत्र टिपत होतं. डोळे पुन्हा पुन्हा पटावरच्या त्याच घरांवर जात होते, जिथे ती पहिली मात होती. आपण दुसरं काही शोधतोय, हे त्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत होतं. पटावर किंचित बदल करून ओळखीची मात बंद केली, तेव्हा दुसऱ्या खेळाडूंना छोटा मार्ग सापडू लागला. याच गटाच्या २००८ मधल्या दुसऱ्या अभ्यासात परिणामाचं मापही निघालं. ओळखीचं उत्तर समोर असलं की तज्ज्ञाची कामगिरी तीन प्रमाण विचलनं खालच्या, म्हणजे सुमारे ६०० गुणांनी कमी खेळाडूच्या पातळीवर घसरत होती. खेळाडू जितका वरचा, तितका तो या सापळ्यात कमी अडकत होता.

कोकणात याला चकवा म्हणतात. माणूस रात्री घरची वाट चालतो आहे अशी त्याची खात्री असते आणि पहाटे कळतं की एकाच शेताला फेऱ्या मारत होता.

मग एका रविवारी आम्ही त्याचे हरलेले डाव काढून बसलो, आणि पहिल्याच तासाला चकवा सापडला. पांढऱ्याकडून एच-७ वर उंटाचा बळी, जी-५ वर घोड्याची शह, मग एच-५ वर वजीर. शंभर वर्षांहून जुनी, देखणी चढाई. पण त्या डावात काळ्याचं ई-६ वरचं प्यादं केव्हाच मारलं गेलेलं होतं, म्हणजे त्याच्या उंटाची वाट मोकळी होती. सी-८ वरचा उंट सरळ एफ-५ ला आला, एच-७ सांभाळलं गेलं, चढाई संपली आणि भाचा एका उंटाने मागे. असे तीन डाव निघाले. “मी हिशेब केला होता,” तो म्हणाला. लीचेसवर प्रत्येक चालीला लागलेला वेळ दिसतो. त्या बळीला लागला होता दीड सेकंद.

इथे पझलबद्दल थोडं वाकडं बोलतो. पझल समोर आलं की तिथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात अशी घंटा वाजत नाही. दिवसाला पन्नास पझल सोडवणाऱ्याला बळी द्यायचा कधी हे उत्तम कळतं, द्यायचा नाही कधी हे कळायला वावच मिळत नाही. म्हणून आम्ही त्याच्याच चुकांची पझल केली. त्यातल्या निम्म्यांत उत्तर होतं, ‘चढाई चालत नाही, हत्ती ई-१ वर आण आणि गप्प बस.’ ही कोडी आधी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा समोर ठेवायची. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख काढला, त्यावर अंतराअंतराने केलेली उजळणी हाच उतारा आहे.

दुसरा नियम त्याला फार जड गेला. डाव संपल्यावर स्टॉकफिश, म्हणजे चाली तपासणारं संगणकी इंजिन, लगेच उघडायचं नाही. आधी आपणच वहीत लिहायचं की डाव कुठे फिरला आणि तेव्हा मनात काय होतं. इंजिन चूक कुठली ते दाखवतं, पण ती कुठल्या सवयीतून आली ते त्याला कुठून कळणार? तिसरा नियम म्हणजे रोजच्या दहा डावांतले आठ बंद, आणि शनिवार-रविवारी पंधरा मिनिटं अधिक दहा सेकंदांचा एक डाव. नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधल्या अभ्यासात खेळाडूच्या ताकदीशी सर्वाधिक जोडलेली गोष्ट निघाली ती एकट्याने बसून केलेला गंभीर अभ्यास. स्पर्धेत घालवलेले तास त्याच्या मागे होते. अर्थात तास मोजून काही लिहून देता येत नाही. अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या पाहणीत कुणी सुमारे तीन हजार तासांत मास्टर झाला होता, तर कुणाला तेवीस हजारांहून जास्त लागले होते.

आणि जागा. स्टेफन क्यून आणि सहकाऱ्यांनी २०२० मधल्या ऑनलाइन स्पर्धांतल्या दिग्गजांच्या चाली, त्याच लोकांच्या समोरासमोरच्या जलद डावांशी ताडून पाहिल्या. घरून खेळताना दर्जा घसरला होता. क्यून यांचाच दुसऱ्या सहकाऱ्यांसोबतचा एक अभ्यास ठाणेकरांनी लक्षपूर्वक वाचावा असा आहे. जर्मनीतल्या स्पर्धांत सभागृहातली हवा मोजली, तर बारीक धूलिकण घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की ठळक चूक होण्याची शक्यता २.१ टक्के-अंकांनी वाढत होती आणि घड्याळ अंगावर आलं असताना परिणाम अधिक होता. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाखालून रोज जाणाऱ्याला वेगळं सांगायला नको. भाचा आता हा अभ्यास हरण्याच्या सबबींत पहिल्या क्रमांकावर ठेवतो.

परवा बेलापूरच्या गाडीत मी त्याच्या शेजारी होतो. जुईनगर गेलं, नेरूळला दार भरलं. पटावर एच-७ समोर दिसत होतं आणि त्याचा अंगठा स्क्रीनवर टेकलेला होता. त्याने तो उचलला, मांडीखाली दाबला आणि सी-८ च्या उंटाकडे बघत राहिला. पंचवीस सेकंद. मग ई-१ वर हत्ती. पुढे तो डाव वेळेअभावी हरला, आणि वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलं : ‘२४ वी चाल बरोबर. घड्याळ चूक.’