ऑलिव्हचा साबण नागपुरात कधी ओतावा?

ऑलिव्ह तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा पारंपरिक साबण एवढ्या तीनच गोष्टींचा. तिथे शिजवलेला साबण जमिनीवर पसरतात, वड्या कापून त्यांवर शिक्के मारतात आणि मग त्या वड्यांचे आतून पोकळ असे उंच मनोरे रचतात. प्रत्येक वडीला चहूबाजूंनी हवा लागावी म्हणून हा खटाटोप. २०२४ साली युनेस्कोने या कारागिरीची अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंद केली. आपल्याकडे घरी साबण करणारे तेल-सोड्याच्या मापात तरबेज होतात, पण वाळवणीत घाई करतात. ऑलिव्हच्या साबणाला ही घाई अजिबात चालत नाही.

आधी माप. १ ग्रॅम ऑलिव्ह तेलाचा पूर्ण साबण व्हायला सुमारे ०.१३४ ग्रॅम कॉस्टिक लागतो, म्हणजे १ किलोला १३४ ग्रॅम. घ्यायचा मात्र ५ टक्के कमी, १२७ ग्रॅम, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि त्वचेला झोंबणारा कॉस्टिक उरत नाही. पाणी २५५ ग्रॅम. सगळे काट्यावर तोलायचे. १ लिटरच्या बाटलीत तेल भरते सुमारे ९१५ ग्रॅम. तिला १ किलो समजून १२७ ग्रॅम कॉस्टिक घातला, तर जवळपास ४ ग्रॅम जास्तच पडतो आणि साबण वापरण्याजोगा राहत नाही. उलट, डबा उघडा राहून ओल धरलेला कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून हळूहळू धुण्याच्या सोड्यात बदलतो. त्याने वजन बरोबर दाखवले तरी साबण तेलकट आणि मऊच राहतो.

भांडे स्टीलचे घ्यावे. जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्याला कॉस्टिक खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही; द्रावण ८० अंशांच्या वर तापते आणि उसळू शकते. चष्मा व हातमोजे हवेतच. अंगावर थेंब उडालाच तर व्हिनेगर शोधत बसू नये, १५-२० मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. द्रावण ४० अंशांच्या आसपास आले की तेलात ओतायचे. मे महिन्यात ते तितके निवायलाच बराच वेळ लागतो.

मग ढवळणे. रवीने तासभर किंवा जास्त, हँड ब्लेंडरने थांबत थांबत काही मिनिटे. वरून सोडलेली धार क्षणभर उमटून राहिली की साच्यात ओतावे. पोमेस ऑलिव्ह तेल, म्हणजे एकदा तेल काढून उरलेल्या चोथ्यातून काढलेले, एक्स्ट्रा व्हर्जिनपेक्षा लवकर आळते आणि स्वस्तही पडते. साबणासाठी महागड्या तेलाचा हट्ट आम्हाला तरी पटत नाही.

दोन-चार दिवसांत वड्या कापता येतात. तोवर रासायनिक क्रिया जवळपास संपलेली असते, पण वडीत पाणी भरपूर असते. शिवाय या साबणात सोडियम ओलिएट, म्हणजे ऑलिव्हमधल्या ओलिइक आम्लाचा साबण, जास्त. ओल्या, ताज्या वडीचा त्यामुळे फेस होत नाही, बुळबुळीत तार सुटते. म्हणून किमान सहा आठवडे, जमल्यास सहा महिने वाळवावे. इथे नागपूरचा ऋतू ठरवतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत वडीची बाहेरची बाजू आधी सुकून आक्रसते, वडी वाकते. उन्हात ठेवली तर मोकळे तेल खवट होऊन नारिंगी डाग पडतात. पावसाळ्यात वडीतले ग्लिसरीन हवेतली ओल ओढते आणि वर थेंब धरतात. ऑक्टोबर सरताना ओतलेला साबण मात्र थंडीभर निवांत वाळतो. बांबूच्या चटईवर, सावलीत, वड्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून. लोखंडी जाळी नको, लोहाने खवटपणा लवकर येतो. दर आठवड्याला एकच वडी तोलत जावे. वजन उतरायचे थांबले की साबण तयार. वरची पांढरी भुकटी निरुपद्रवी असते, पण कापताना आत ओले पांढरे खड्डे दिसले तर तो न मिसळलेला कॉस्टिक. तो घाणा वापरू नये.

बोअरच्या जड पाण्यात या साबणाचा चिकट साका बसतो. त्यावर १ किलो तेलामागे १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवावे आणि कॉस्टिक ६ ग्रॅमने वाढवावा, कारण तेवढा ते अ‍ॅसिडच खाते.

नागपूरकराला संत्र्याचा मोह होणारच. पण पाण्याऐवजी संत्र्याचा रस घातला, तर त्यातले आम्ल थोडा कॉस्टिक संपवते, साखरेने घाणा तापतो आणि रंग तपकिरी होतो. सालींच्या तेलाचा वासही वाळवणीतच उडून जातो. सालींची वस्त्रगाळ पूड किलोमागे चमचाभर चालते. जाडी राहिली तर अंगाला खरखरते.