टाचणी हे चतुराचं पिल्लू नव्हे

यावल-रावेरकडे केळीच्या बागेत पाटाच्या कडेला टाचणी, म्हणजे चतुरासारखाच पण सडपातळ उडता कीटक, दिसली की हमखास कुणीतरी सांगतं, "हे चतुराचं पिल्लू, मोठं झालं की चतुर होईल." साफ चूक. दोघांचंही बालपण पाण्यात सरतं. पंख फुटल्यावर आकार वाढत नाही. आणि आकाराचंच म्हणाल, तर मध्य व दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलातली मेगालोप्रेपस ही टाचणीच, पण पंखांचा विस्तार १९ सेंटीमीटरपर्यंत! आपले चतुर तिच्यापुढे पोरंच. झाडांच्या ढोलीत साचलेल्या पाण्यात तिची पिल्लं वाढतात. डासांच्या अळ्या, बेडकांची पिल्लं, प्रसंगी एकमेकांनाही खातात. मोठेपणी खाणं आणखी अजब: जाळ्यातला कोळी अलगद उचलायचा, पाय छाटायचे, मऊ पोट तेवढं खायचं.